साक्षीला उभी ठेवलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी कोठी आहे, इकडे मोठ्या बंगल्याला म्हणतात तशी. खरे म्हणजे 'होते' असे म्हणायला हवे, कारण आता माझी एकच भिंत उरली आहे. भिंतीच्या मधोमध एक मोठी फायरप्लेस आहे आणि तिच्यावर उंच धुराडे. तुमच्या टॉवरच्या गॅलरीतून तुम्ही मला रोज पाहता. पत्र्याच्या कुंपणात एवढी भिंत कशासाठी ठेवली आहे, असे तुमच्यातल्या काहींनी आपल्या आईवडिलांना विचारलेही असेल. त्यांनाही ते ठाऊक नसेल, म्हणून आज मीच सांगते.

मला हॉलिस नावाच्या एका इंग्रजाने बांधले. तो आग्रा कालव्यावर इंजिनीअर होता. इंग्लंडात त्याच्या गावी त्याच्या वडिलांचे घर होते, गावातले सर्वांत मोठे. असे घर म्हणजे गावाचा निम्मा कारभार. खंड तिथे भरायचा, भांडणे तिथे मिटायची, सुगीचे जेवण तिथेच व्हायचे. पण तिकडच्या रिवाजाप्रमाणे ते सारे थोरल्या मुलाला गेले. धाकट्या हॉलिसला ते मिळणार नव्हते. मग नोकरी संपल्यावर त्याने दिल्लीजवळच्या मानेसरच्या अलीकडे, अरवलीच्या पायथ्याशी बडखेडी गावाबाहेर जागा घेतली आणि आठवणीतून तेच घर पुन्हा बांधायला काढले. ते घर म्हणजे मी.

माझ्यासाठी दगड इथल्याच टेकडीचा आला. गवंडी अलवरकडचे होते. लाकूड देवदाराचे, पहाडातून यमुनेत सोडून वाहवत आणलेले. मधोमध एक मोठा हॉल, थेट छपरापर्यंत मोकळा. त्याच्या एका अंगाला मालकाच्या खोल्या आणि दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर व कोठार. स्वयंपाकाचा धूर आणि दाराचा वारा हॉलमध्ये शिरू नये म्हणून मध्ये नक्षीची लाकडी पडदी होती आणि तिच्या डोक्यावर छोटा सज्जा. खिडक्यांना दगडाच्या उभ्या पट्ट्या आणि काचेचे लहान लहान चौकोन. दोन्ही टोकांना त्रिकोणी माथ्याच्या भिंती. छप्पर इतके उतरते, की इंग्लंडातला बर्फ त्यावरून घसरून पडावा. बडखेडीत बर्फ कधीच पडला नाही. पण हॉलिस साहेबाला तसेच छप्पर हवे होते, आणि त्यावर त्याने पातळ दगडी फरश्या घातल्या. त्या फार जड होत्या.

ते ओझे सांभाळायला हॉलमध्ये, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आडव्या तुळया टाकल्या होत्या. मित्रांनो, या तुळया नीट लक्षात ठेवा. माझी गोष्ट त्यांचीच आहे.

हॉलिस साहेब माझ्यात एकटाच राहिला आणि एकटाच मेला. देश स्वतंत्र झाला तेव्हा मी सरकारजमा झाले होते. काही वर्षांनी केंद्र सरकारचे भूजल तपासणीचे एक छोटे कार्यालय माझ्यात आले आणि त्याबरोबर पुण्याहून भालचंद्र गोखले नावाचे तरुण इंजिनीअर आले. हॉलमध्ये कचेरी होती. मालकाच्या खोल्यांत ते, त्यांची पत्नी कुमुद आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलगी देवयानी राहत.

माझे खरे आयुष्य त्या वर्षांतले. कुमुद पहिल्या हिवाळ्यात थंडीने अगदी बेजार झाली होती. फायरप्लेस पेटवून तिच्यापुढे बसायची आणि म्हणायची, "साहेब वेडा असेल, पण एवढं एक शहाणपणाचं केलंन." दिल्लीच्या करोल बागेतून बसने साबुदाणा आणि गोडा मसाल्याचे सामान आणायची. गावातल्या बायका तिला सरसोंचा साग शिकवायच्या आणि ती त्यांना थालीपीठ. देवयानी गावच्या मुलींशी हरियाणवी बोले, शाळेत हिंदी आणि घरात मराठी. 'सज्जा' आणि 'पडदी' हे शब्द तिला माझ्यामुळे आले.

एकदा तिने वर बोट दाखवून वडिलांना विचारले, "बाबा, ती आडवी लाकडं कशाला? त्यांच्यावर तर काहीच ठेवलेलं नाही."

भालचंद्रांनी दोन पाट्या आणल्या आणि गुळगुळीत फरशीवर एकमेकींना टेकवून छपरासारख्या उभ्या केल्या. हात काढताच पाट्यांचे पाय बाहेर सरकले आणि त्या आडव्या झाल्या. मग त्यांनी दोन्हींचे पाय सुतळीने एकमेकांना बांधले आणि पुन्हा उभ्या केल्या. या वेळी त्या उभ्याच राहिल्या.

"ती लाकडं म्हणजे ही सुतळी," ते म्हणाले. "छप्पर खाली येत नाही ते भिंतींमुळे, आणि भिंती बाहेर पडत नाहीत त्या तुळयांमुळे. तुळई काही उचलत नाही. ती धरून ठेवते."

देवयानी दुपारभर पाट्या पाडत आणि उभ्या करत बसली. पुढे ती आर्किटेक्ट झाली, त्याची सुरुवात मी तरी त्या दुपारीच धरते.

मग कार्यालय दिल्लीला हलले. गोखल्यांना रामकृष्णपुरमला सरकारी घर मिळाले. कुमुद जाताना प्रत्येक खोलीत जाऊन उगाचच खिडक्या लावत होती. त्यानंतर बरीच वर्षे माझ्यात कोणी राहिले नाही. हॉलमध्ये म्हशी बांधल्या जात, सज्ज्यावर कडबा भरला जाई. वटवाघळे आली. काचा गेल्या. तरीही मी हलले नाही. पावसाळे गेले, आंधी आल्या, एकदा भूकंपाचा हादराही बसला, पण भिंतीला चीर म्हणून गेली नाही. लोक म्हणतात, घर फिरले की घराचे वासेही फिरतात. माझे वासे कधी फिरले नव्हते.

एक्याण्णव सालानंतर मात्र सगळे भराभर बदलले. मानेसरला कारखाने आले. पहाटे कामगारांच्या बसगाड्या माझ्यासमोरून धुरळा उडवत जाऊ लागल्या. गावच्या शेतांत सिमेंटचे खांब उगवले. ओमवीर लांबा नावाच्या एका बिल्डरने बडखेडीची जमीन घेतली आणि तिच्याबरोबर मलाही. त्याला इथे परदेशासारखी वसाहत उभारायची होती. वसाहतीच्या जाहिरातीत माझे चित्र छापले होते, पुढे हिरवळ आणि एक पांढरा घोडा. मला त्यांचा क्लब करायचे ठरले.

तेव्हा देवयानीचे दिल्लीत छोटे ऑफिस होते. नवरा प्रसन्न गुडगावात एका कॉम्प्युटर कंपनीत होता. माझ्या दुरुस्तीचे काम तिने स्वतः लांबाला भेटून मागून घेतले. ती आली त्या दिवशी शेणाने भरलेल्या हॉलमध्ये मधोमध उभी राहिली आणि कितीतरी वेळ वर पाहत होती. मग तिने म्हशी हलवल्या, छपराची गळती काढली, चुन्याची दरज पुन्हा भरून घेतली. कुठलाही दगड बदलण्याआधी ती त्याच्यावर हात ठेवून पाही. मला वाटले, आपले दिवस पालटले.

लांबा महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. असाच एकदा आला आणि हॉलमध्ये मान वर करून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, ये लकडियाँ बीच में आती हैं. झूमर कहाँ लटकेगा? दुबई से मँगवाया है."

"झूमर कहीं और लगेगा, लांबाजी," देवयानी म्हणाली. "ये नहीं हटेंगी. छत इन्हीं से रुकी है."

"सौ साल में तो गिरी नहीं."

"इन्हीं की वजह से नहीं गिरी."

लांबा हसला. तो वाईट हसला नाही, लहान मुलाच्या हट्टाला हसावे तसा हसला. "देखिए, लोग ऊपर देखेंगे तो क्या देखेंगे? यही लकडी के शहतीर? वो तो गाँव में हर घर में है. उसी से निकलकर तो यहाँ आ रहे हैं."

देवयानीने त्याला पाट्यांची गोष्ट सांगितली, हिशेब मांडून दाखवला. शेवटी म्हणाली, या तुळया कापायच्या असतील तर मी या कामात नाही. लांबा म्हणाला, जैसी आपकी मर्जी. ती आपली मोजपट्टी उचलून निघून गेली. जाताना तिने मागे वळून पाहिले नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली.

त्या संध्याकाळी तिच्या घरी काय झाले ते मला फार नंतर कळले. इथे या भिंतीपाशी बसून ती ते प्रसन्नला सांगत होती. तिला वाटले होते, बाबा शाबास म्हणतील. भालचंद्रांनी सगळे ऐकून घेतले. कुमुद जाऊन तेव्हा वर्ष होत आले होते आणि ते कमीच बोलत.

"नाही म्हणालीस ते ठीक," ते म्हणाले. "पण नाही म्हणून निघून आलीस. आता तिथे हो म्हणणारा कोणीतरी येईल."

"मग मी काय करायला हवं होतं, बाबा? त्याच्या हाताखाली राहून कापू द्यायच्या होत्या?"

"मला माहीत नाही," भालचंद्र म्हणाले. "खरंच माहीत नाही."

देवयानी गप्प बसली असे नाही. तिने बांधकाम खात्याच्या कचेरीत तक्रार केली. तिथे तिला सांगितले गेले, की नव्या नकाशावर दुसऱ्या इंजिनीअरची सही आहे, तेव्हा जबाबदारी त्याची. हो म्हणणारा खरोखरच आला होता.

मित्रांनो, तुळया कापायला दोन दिवस लागले. देवदार इतकी वर्षे आत दडवलेला वास सोडत होता, हॉलभर तो वास भरला होता. करवत चालवणारी माणसेही थांबून थांबून हुंगत होती. शेवटची तुळई खाली आली तेव्हा माझ्या दोन्ही लांब भिंती केसभर बाहेर झुकल्या. कोणाला दिसले नाही. मला मात्र कळले. मी ओरडू शकत नाही. घराला बोलायचे असले तर त्याच्याकडे चिरांशिवाय दुसरी भाषा नाही.

पुढे लांबाच्या सजावटवाल्याला वाटले, हॉल फारच बोडका दिसतो, इंग्रजी वाटत नाही. म्हणून त्याने प्लायवुडच्या पोकळ पेट्या करून, लाकडाचा रंग देऊन, वर उंच तारेने टांगल्या. खऱ्या तुळयांची सोंगे. त्यांच्यामधून झुंबर सोडले. आणि मी रोज थोडी थोडी उसवत राहिले.

जानेवारीतल्या एका रविवारी लांबाने घरे पाहायला येणाऱ्यांसाठी दुपारचे जेवण ठेवले. पेपरात जाहिरात होती, सहकुटुंब यावे. सकाळचे धुके विरून छान ऊन पडले होते. हॉलमध्ये पांढऱ्या चादरींची टेबले, सज्ज्याखाली मोठे स्पीकर आणि कीबोर्ड वाजवणारा एक वादक. लोक मुलाबाळांसह आले होते. त्यांच्यात लोकरी कोट घातलेले एक वृद्ध गृहस्थ होते. भालचंद्र मुलीला न सांगता बस बदलत बदलत आले होते. हॉल एकदा पाहायचा होता, एवढेच.

ते आत आले आणि सवयीने त्यांनी वर पाहिले. पेट्या पाहून त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटले नाही. मग ते खिडकीपाशी गेले. दगडी पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये त्यांचे बोट आत शिरले. त्यांनी वर वाशांच्या पायाकडे पाहिले, तिथून उन्हाची बारीक रेघ आत येत होती. जवळच्या टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर चुन्याची भुकटी पडली होती. त्यांनी ती पुसली. वादकाने सूर लावला, स्पीकर घुमला आणि पुसलेल्या जागी पुन्हा भुकटी पडली.

दाराशी पाहुण्यांचे स्वागत करायला एक तरुण उभा होता. त्याच्या छातीवर नाव होते, केतन राजवाडे. भालचंद्र त्याच्यापाशी गेले आणि मराठीत म्हणाले, "राजवाडे, माणसं बाहेर काढा. हे छप्पर पडतंय."

केतन दचकला, इकडे कोणी एकदम मराठीत बोलल्यामुळे जास्त. "काका, आप... तुम्ही बसा ना. चहा घ्या."

"मी या घरात सोळा वर्षं राहिलोय. इंजिनीअर आहे. त्या खिडकीत बोट घालून बघा."

केतन गेला, बोट घातले आणि पांढराफटक होऊन परत आला. "काका, मी लांबाजींना सांगितलं तर ते आधी मलाच बाहेर काढतील. आज त्यांचे इन्व्हेस्टर आलेत. आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं तर एकाच दारातून पळापळ होईल, पोरंबाळं आहेत."

"ओरडायचं नाहीच," भालचंद्र म्हणाले. "मेन स्विच कुठे आहे?"

केतनने पडदीच्या मागे बोट दाखवले आणि स्वतः हिरवळीवर जाऊन उभा राहिला.

भालचंद्रांनी स्विच ओढला आणि झुंबर विझले. संगीत थांबले. थंडगार अंधारा हॉल कोणालाच नको होता. बाहेरून केतनचा हसरा आवाज आला, "आइए आइए, खाना धूप में लग रहा है." लोक कुरकुरत, खुर्च्या सरकवत, मुलांना हाका मारत बाहेर निघाले. लांबाही शिव्या देत जनरेटरकडे गेला. कोणीही पळाले नाही. भालचंद्र पडदीपाशी उभे राहून हॉल रिकामा होताना पाहत होते. पाठीला कोणाचा धक्का लागला तर ते "चलिए, बहनजी" एवढेच म्हणत होते.

शेवटी वादक राहिला. तो गुडघ्यांवर बसून आपल्या वायरी गुंडाळत होता. भालचंद्रांनी हाक मारली. तो म्हणाला, "बस एक मिनट, अंकल." ते हॉल ओलांडून त्याच्याकडे गेले, त्याचा दंड धरला आणि त्याला दाराकडे लोटले.

मित्रांनो, मी फार धरून ठेवले. मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन. पण धरून ठेवण्याचे जे साधन होते तेच माझ्यात राहिले नव्हते. दक्षिणेची भिंत बाहेर गेली आणि हॉलिस साहेबाच्या जड फरश्या खाली आल्या. वादकाचा हात मोडला, पण तो उंबऱ्याबाहेर पडला. भालचंद्र गोखले माझ्याखाली गेले. ज्या माणसाने माझी प्रत्येक तुळई ओळखली होती, त्याला मी मारले.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आले की जीर्ण इमारत कोसळून एक वृद्ध ठार झाले. चौकशीतही तेच ठरले. लाकूड कुजले होते, असे लिहिले गेले. खाली पडलेले सारे सामान ट्रकांतून उचलले गेले. केतनने विचारणाऱ्यांना सांगितले, लाइट आपोआप गेली.

देवयानी तिसऱ्या दिवशी आली. उत्तरेकडची ही जाड भिंत धुराड्याच्या भक्कमपणामुळे उभी राहिली होती. ती तिच्यापुढे उभी राहून वर पाहू लागली. तिथे भिंतीत कापलेल्या तुळईचे एक टोक अजून अडकलेले होते, आजही आहे. कुजलेले लाकूड मोडते तेव्हा फाटते, त्याच्या झिरमिळ्या होतात. हे टोक आरशासारखे सपाट होते. त्यावर करवतीच्या दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या आणि आतले लाकूड अजून ताजे, पिवळे होते.

ती कोर्टात गेली. खटल्याचा निकाल लागेपर्यंत ही भिंत पाडू नये असा हुकूम तिने मिळवला. म्हणून मी इतकी वर्षे उभी आहे. कोणी मला जपले म्हणून नव्हे, मी साक्षीदार आहे म्हणून. केतननेही शेवटी नोकरी सोडली आणि कोर्टात उभे राहून सगळे सांगितले. तो खाली बसताना देवयानीकडे पाहू शकला नाही. बाहेर आल्यावर ती त्याला म्हणाली, "तू उशीर केलास. पण बाबांना दिशा दाखवणारा हात तुझाच होता. ते मी विसरत नाही."

दरम्यान पलीकडे लांबाने सिमेंटचा नवा क्लब बांधला. त्यालाही उतरते छप्पर आहे, धुराडेही आहे. त्या धुराड्याला भोक नाही.

निकाल गेल्या महिन्यात लागला. न्यायाधीशांनी मान्य केले की घर जीर्ण नव्हते, ते कापले गेले. सही करणाऱ्या इंजिनीअरला शिक्षा झाली. लांबा त्याआधीच आजारपणात वारला होता. संध्याकाळी देवयानी प्रसन्नबरोबर इथे येऊन बसली. आता तिचे केसही पांढरे होऊ लागले आहेत. ती म्हणाली, "जिंकले रे. पण मला अजूनही वाटतं, मी तिथेच राहायला हवं होतं. करवतीसमोर."

खटला संपला तसा हुकूमही संपला. साक्ष झालेल्या भिंतीचे कोणाला काय काम? ही जागा आता तुमच्या गाड्यांसाठी हवी आहे.

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. उद्या मोठे झाल्यावर तुम्हीही काहीतरी काढून टाकायला निघाल. घरातली एखादी जुनी वस्तू असेल, एखादा नियम असेल, एखादे माणूस असेल, जे काहीच उचलत नाही असे वाटते. त्याच्यावर हात टाकण्याआधी विचारा, की याने काय धरून ठेवले आहे. आणि कोणी तुमच्यादेखत ते कापत असेल, तर नाही म्हणून घरी जाऊ नका.

सोमवारी सकाळी यंत्र येणार आहे. त्या दिवशी तुम्हाला शाळेला सुट्टी आहे, तुम्ही बघायला याल हे मला ठाऊक आहे. कुंपणाच्या आत येऊ नका. लांब उभे राहा, अगदी रस्त्यापलीकडे. मी कोणत्या बाजूला पडेन ते माझ्या हातात नाही.